पडण्याची विद्या

गेल्या मार्गशीर्षांत चिंचवडास दोन दिवस राहण्याचा योग आला. प्रवासवर्णन लिहावें असा हा प्रवास नव्हे. पुण्यांत सिव्हिल कोर्टाजवळ मेट्रोंत बसावें आणि सुमारें अर्ध्या तासांत पिंपरीस उतरावें, एवढाच काय तो व्याप. आमच्या लहानपणीं मोरया गोसाव्यांच्या दर्शनास जावयाचें म्हणजे आदल्या रात्रीं दशम्यांची पुरचुंडी बांधली जाई, आणि आगगाडींतून उतरल्यावर गांवापर्यंत शेतांच्या कडेनें चालत जावें लागे. आतां तीं शेतें नाहींत. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ह्या चार गांवांची मिळून १९७० सालीं नगरपालिका झाली, १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली, आणि पाहतां पाहतां हें अफाट शहर उभें राहिलें.

परंतु मी गेलों तो शहर पाहण्यास नव्हे. एका घरगुती वादांत पंच म्हणून मला बोलावणें आलें होतें.

माझे चुलतबंधु चिंचवडगांवांत राहतात. घर अजून एकत्र आहे. तीन पिढ्यांचीं मिळून अकरा पानें वाढलीं जातात. त्यांची नात आठवींत आहे व ती ज्युदो शिकते. आरंभीं ती ज्या वर्गांत जात असे, तेथें तीन आठवडेही झाले नव्हते तोंच एका दांडग्या मुलानें तिला उचलून टाकलें. तिनें पडतांना हात पुढें केला आणि मनगटाचें हाड मोडलें. तो वर्ग सुटला. पुढें हाड सांधल्यावर मुलीनें स्वतःच चौकशी करून दुसरा वर्ग शोधून काढला, आणि तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले. वहिनींचें म्हणणें असें कीं, मुलीच्या जातीस हें मारामारीचें शिक्षण कशाला? एकदां हात मोडला, उद्यां मान मोडेल. पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत अधिकारी आहे. दुसरी पाळी सुटल्यावर रात्रींच्या बसनें परतणाऱ्या मुली तो नित्य पाहतो. तेव्हां आपल्या मुलीस चार हात करतां आलेच पाहिजेत, हा त्याचा आग्रह. सूनबाई कोणत्याच बाजूनें बोलत नव्हत्या, आणि खुद्द मुलीस तर कोणी विचारीतच नव्हतें. शेवटीं दादांनीं मला लिहिलें, “तूं जन्मभर मास्तरकी केलीस. एकदां डोळ्यांनीं पाहा आणि काय तें सांग. तुझा शब्द ही मोडणार नाहीं.”

वर्ग सायंकाळचा होता. तोंपर्यंत वेळ होता म्हणून नातीस बरोबर घेऊन गांवांत हिंडावयास निघालों. पवनेच्या कांठीं मोरया गोसाव्यांच्या समाधीचें देऊळ आहे. तेथील दगडी गारवा अजून तसाच आहे, मात्र नदीचें पाणी पाहून जीव कष्टी होतो. तेथून चापेकर चौकांत गेलों. हरिपंत चापेकर कीर्तनकार. त्यांचे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे मुलगे ह्या गांवचे. चौकांतला पुतळा पाहून मुलीनें त्यांची हकीकत विचारली. मीं सांगितलें कीं, दामोदरपंतांस सैन्यांत शिरण्याची फार हौस होती. ती पुरी झाली नाहीं, तेव्हां भावांनीं पुण्यांत मुलें जमवून व्यायाम व शस्त्रांचा सराव चालविला. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, आणि १८९८ व १८९९ ह्या दोन वर्षांत तिघेही भाऊ फांशीं गेले.

“म्हणजे ते व्यायाम करीत ते लढण्यासाठीं?” तिनें विचारलें.

“होय.”

“मग मी कशासाठीं करतें, आजोबा?”

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं मजजवळ नव्हतें. आमच्या पिढीस व्यायामाचे दोनच हेतु ठाऊक. एक तर सकाळीं उठून नमस्कार घालावे आणि प्रकृति ठीक ठेवावी. नाहीं तर कोणी तरी वैरी डोळ्यांसमोर धरून जोर मारावे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मल्लखांबास ऊर्जितावस्था आणणारे बाळंभटदादा देवधर आमच्याच घराण्यांसारख्या घराण्यांतले. पण त्यांची गोष्ट घरोघर सांगतात तीही निजामाच्या राज्यांतून आलेल्या मल्लांस त्यांनीं जिंकल्याची. तिसरा कांहीं हेतु असूं शकेल, हें मनांत आलें नव्हतें.

वर्ग दुकानांच्या वरच्या मजल्यावरील एका लांबट खोलींत भरतो. दाराशीं जोडे एका ओळींत, टाचा भिंतीकडे. आंत शिरणारें प्रत्येक मूल उंबऱ्याशीं वांकून नमस्कार करी. भुईवर निळ्या-पिवळ्या जाड गाद्या एकीस एक लावून पसरलेल्या. मुलें त्यांस ‘मॅट’ म्हणतात. जाड सुती पांढरा सदरा, तसलीच विजार आणि कमरेस पट्टा, हा सर्वांचा एकच वेष. त्यांत अधिकाऱ्याचीं मुलें होतीं, फिटरचीं होतीं, भाजीच्या गाडीवाल्याची एक मुलगी होती. कोण कोणाचें हें मला शेवटपर्यंत ओळखतां आलें नाहीं. शिक्षक चाळिशीच्या घरांतले. एका कारखान्यांत सकाळची पाळी करून ते येथें येतात.

पहिला अर्धा तास कोणीं कोणास हात लावला नाहीं. सर्व मुलें नुसतीं पडत होतीं. प्रथम उकिडवें बसून मागें पडावयाचें, मग उभ्यानें, मग कुशीवर, मग खांद्यावरून गोल कोलांटी घेऊन. पडतांना हनुवटी छातीस लावलेली आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गांठीवर; हात अंगापासून थोडा दूर ठेवून कोंपरापासून तळव्यापर्यंतचा भाग एकदम गादीवर आपटावयाचा. वीस मुलें एका वेळीं पडलीं म्हणजे नदीच्या घाटावर धुणें आपटल्यासारखा आवाज होई. हें चाललें असतां शिक्षकांनीं मला त्यांतील मर्म समजावून सांगितलें. पडणारा मनुष्य उपजतच हात पुढें करतो आणि सर्व देहाचा भार मनगटावर किंवा गळ्याजवळच्या हाडावर येतो. मान सैल असली तर डोकें मागें आपटतें. तोच भार हात, पाठ व कूस ह्यांवर एकाच क्षणीं वांटून दिला तर कोणत्याच हाडास तो असह्य होत नाहीं. जपानी भाषेंत ह्यास ‘उकेमी’ म्हणतात. इतरांस पाडण्याचे डाव पुढें. आधीं स्वतः नीट पडतां आलें पाहिजे. माझ्या नातीचें मनगट मोडलें तें ह्याच कारणानें: पहिल्या ठिकाणीं तिला पडावयास शिकविण्यापूर्वींच टाकलें होतें.

मग जोड्या लागल्या. माझ्या नातीसमोर एक मुलगा उभा राहिला, अंगानें तिच्या दीडपट. दोघांनीं एकमेकांस वांकून नमस्कार केला, एकमेकांच्या बाह्या व गळपट्ट्या धरल्या आणि फिरूं लागलीं. मुलगा रेटीत होता. ती रेटत नव्हती. मागें सरत होती. तो आणखी पुढें झुकला तशी ती एकदम वळून त्याच्या पोटाशीं शिरली, आणि तो तिच्या पाठीवरून उलटून गादीवर आला. धप्प आवाज झाला. आमच्या तालमींतील धोबीपछाडच ती. परंतु एक गोष्ट मीं पाहिली, आणि ती पाहण्यासाठीं मग पुन्हां पुन्हां पाहत राहिलों. मुलगा हवेंत असतांनाही तिनें त्याची बाही सोडली नव्हती. उलट तो भुईस टेकतां टेकतां तिनें ती वर ओढून धरली, म्हणजे त्याचें डोकें व खांदा आधीं आपटूं नये. शिक्षकांस विचारलें तेव्हां ते म्हणाले, “तें डावाचेंच अंग आहे. बाही सोडली तर मी तो डाव मोजीत नाहीं. ज्यानें टाकलें त्याच्याकडे पडणाऱ्याची जबाबदारी.”

ही विद्या ज्यांनीं रचली ते जिगोरो कानो माझ्यासारखेच शिक्षक. जन्म १८६० चा. अंगानें किरकोळ, शाळेंत दांडग्या सोबत्यांचा जाच सोसलेले. त्यासाठीं ते जुजुत्सु ह्या जुन्या झुंजारी कलेकडे वळले. शिकतां शिकतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, जोरास जोर लावण्यापेक्षां समोरच्याचा तोल बिघडण्याचा क्षण साधला तर थोड्या बळांत काम होतें. १८८२ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तोकियोंतील एइशोजी नांवाच्या बौद्ध मंदिरांत बारा चटयांच्या जागेंत त्यांनीं आपली कोदोकान ही शाळा उघडली. इजा करणारे प्रकार त्यांनीं मोकळ्या सरावांतून वगळले, आणि ‘जुत्सु’ म्हणजे कला हा शब्द काढून ‘दो’ म्हणजे मार्ग हा शब्द घातला. ‘ज्यु’ म्हणजे मृदुपणा, नमतें घेणें. त्यांचीं दोन सूत्रें आहेत: आपलें बळ उत्तम रीतीनें वापरावें, आणि स्वतःबरोबर दुसऱ्याचेंही भलें व्हावें. ही दुसरी गोष्ट भिंतीवर लिहिली असती तर मी वाचून विसरलों असतों. ती मीं एका बाहींत पाहिली.

मुलींनीं हें शिकावें कीं नाहीं, हा वाद चिंचवडच्या त्या घरापुरताच नव्हे. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९२९ सालीं ताकागाकी नांवाचे जपानी शिक्षक शांतिनिकेतनांत ज्युदो शिकविण्यास आले. अमर्त्य सेन ह्यांच्या मातोश्री अमिता सेन ह्यांनीं शांतिनिकेतनांतच ज्युदोचे धडे घेतले होते. खुद्द कोदोकानांत १९२६ सालीं स्त्रियांचा वेगळा विभाग निघाला. तथापि त्या विभागाचीही कथा सरळ नाहीं. केइको फुकुदा ह्या बाईंचे आजोबा कानोंचे गुरु. बाई स्वतः कानोंच्या शिष्या. त्यांस १९५३ सालीं पांचवी पायरी मिळाली, आणि स्त्रियांस त्यापुढें चढूं द्यावयाचें नाहीं म्हणून १९७२ पर्यंत तेथेंच बसवून ठेवलें. २०११ सालीं अमेरिकेंतील संस्थेनें त्यांस सर्वोच्च दहावी पायरी दिली तेव्हां त्या ९८ वर्षांच्या होत्या. ऑलिंपिकांत पुरुषांचा ज्युदो १९६४ सालीं आला. स्त्रियांस पदकांसाठीं खेळण्याकरितां १९९२ उजाडावें लागलें.

वर्ग सुटल्यावर मीं शिक्षकांसमोर एक कठीण प्रश्न ठेवला, कारण पंचानें एकच बाजू पाहून चालत नाहीं. ज्या जपानांत ही विद्या जन्मली, तेथेंच १९८३ पासूनच्या सुमारें तीन दशकांत शाळांच्या ज्युदोंत शंभरांहून अधिक मुलें मरण पावलीं, बहुतेक डोक्यास मार लागून, आणि त्यांत नवशिक्यांचा भरणा फार. वहिनींची भीति निराधार म्हणतां येत नाहीं. मला वाटलें कीं ते रागावतील. ते म्हणाले, “काका, तें खरें आहे. पडतां येण्यापूर्वीं मुलांना टाकलें, किंवा दमलेल्या मुलाला धडा शिकवायचा म्हणून पुन्हां पुन्हां टाकलें, म्हणजे तसें होतें. माझ्याकडे पहिले तीन महिने कोणाला टाकीत नाहींत. डोक्याला जरा जरी लागलें तरी तें मूल त्या दिवशीं बाहेर बसतें, आणि डॉक्टरनें सांगेपर्यंत परत येत नाहीं. तुम्ही केव्हांही न कळवितां येऊन पाहा.” हें शेवटचें वाक्य मला फार आवडलें. ज्या वर्गाचा दरवाजा पालकांस लावलेला असतो तेथें मुलें पाठवूं नयेत, असें माझें मास्तरकींतील जुनें मत आहे.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यास दुपारीं चाकणास जावयाचें होतें. वाटेंत भोसरी लागते, म्हणून आम्ही आजा-नात त्याच्या गाडींत बसून पहांटेसच निघालों. भोसरी हें पैलवानांचें आणि कबड्डीचें गांव अशी ख्याति. भोंवतीं इतके कारखाने उठले तरी तालमी मोडल्या नाहींत, ह्याचें मला अप्रूप वाटतें. एका जुन्या तालमींत शिरलों. कोनाड्यांत मारुती, पुढें हौदा. तांबडी माती चाळून तींत तेल, ताक, हळद व लिंबाचा रस घालून मळलेली. त्या वासानें मला माझे वडील आठवले. पोरें हौद्यांत उतरण्यापूर्वीं माती कपाळास लावीत होतीं. वस्ताद सत्तरीचे, त्यांना ज्युदोविषयीं सांगितलें तेव्हां ते मिशींत हंसले. “पडायचं आम्ही कुणाला शिकवीत न्हाई, गुरुजी. मातीच शिकवती.” मग जरा थांबून म्हणाले, “पण आता पोरं मातीपेक्षा रस्त्यावर जास्त पडत्यात.” त्यांचा एक पट्ठा दुचाकीवरून पडून सहा महिने अंथरुणास खिळला होता.

भोसरीहून तोच नाशिकचा रस्ता पुढें चाकणास जातो. कंटेनरच्या दोन रांगांमधून दुचाकीवर पाळीस निघालेले तरुण सुळकन् निसटत होते. कित्येकांच्या डोक्यावर टोपही नव्हता. जगांत अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यांवरील अपघातांच्या खालोखाल नुसत्या पडण्याचा क्रमांक लागतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षास सुमारें ६ लाख ८४ हजार मृत्यु त्यांत धरते, आणि साठीच्या पुढचीं माणसें त्यांत सर्वांत अधिक. ज्युदो शिकल्यानें कंटेनरखालून कोणी वांचत नाहीं, हें उघड आहे. परंतु पाय, कंबर व पाठ बळकट होणें, तोल जातां क्षणींच अंगास तें कळणें, आणि घाबरून ताठ न होणें, हे त्याचे लाभ गादीवरून उतरल्यावरही अंगांत राहतात. पुतण्यास मीं गाडींतच सांगितलें कीं, चार हात करण्यासाठीं म्हणून पाठवीत असशील तर ती आशा बेतानें धर. आठवड्यांतून तीन सायंकाळीं शिकून कोणी चार गुंडांस लोळवीत नाहीं, आणि शिक्षकही तिला सांगतात कीं पहिला डाव म्हणजे तेथून निघून जाणें. तो कांहीं बोलला नाहीं. मुलगी मागच्या आसनावर बसून ऐकत होती.

चाकणांत बाजाराच्या गर्दीमागें संग्रामदुर्गाचे अवशेष आहेत. १६६० सालीं शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें हा भुईकोट मूठभर लोकांनिशीं पन्नासांहून अधिक दिवस झुंजविला. सुरुंगानें बुरूज उडाल्यावरही तो लढला, आणि मग जेव्हां पुढें केवळ माणसें मारलीं जाणार हें दिसलें, तेव्हां त्यानें किल्ला खालीं केला. खानानें चाकरी देऊं केली ती मात्र त्यानें नाकारली. मुलीनें पडक्या तटावर हात ठेवून विचारलें, “म्हणजे तो हरला ना?” मीं म्हटलें, “किल्ला हरला.” ती थोडा वेळ विचार करीत राहिली आणि म्हणाली, “आमच्याकडे हरल्यावर दोनदां गादीवर थाप मारायची. मग समोरच्याला सोडावंच लागतं. पहिल्यांदा मला फार लाज वाटायची. आतां नाहीं वाटत.” ती पोर हें इतक्या सहज बोलली कीं मला माझ्या शाळेंतील कित्येक हुशार मुलें आठवलीं. त्यांना एका परीक्षेंत पडणें सोसलें नाहीं. थाप कशी मारावी, हें मीं त्यांना शिकविलें नव्हतें.

पुतण्या कारखान्यांत राहिला, आम्ही एस. टी.नें भोसरीपर्यंत आणि तेथून रिक्षानें सायंकाळीं घरीं परतलों. चहा झाल्यावर माजघरांत सर्व मंडळी जमली. मीं जें पाहिलें तें जसेंच्या तसें सांगितलें. जपानांतील मृत्यूंची गोष्टही लपविली नाहीं. वहिनी मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. बाहीची गोष्ट सांगितली तेव्हां त्यांनीं मध्येंच विचारलें, “म्हणजे ही त्याला टाकते आणि हीच सांभाळते?”

“होय.”

“मग मारामारी कसली ती?” त्या म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. जरा वेळानें त्यांनीं निराळाच विषय काढला. “भाऊजी, मागच्या वर्षीं मी न्हाणीघरांत घसरलें, तें तुम्हांला माहीत आहे? तीन महिने पाठ धरली होती. तेव्हांपासून ओली फरशी दिसली कीं पाय लटपटतात.”

नात उठली आणि खोलींतून कापसाची गादी ओढून आणली. सूनबाई कांहीं तरी बोलणार होत्या, दादांनीं त्यांस हातानें थांबविलें. पडावयाचें नव्हतेंच, आजीनें गादीवर उताणें निजावें, एवढेंच. “हनुवटी छातीला लाव, आजी. माझ्याकडे नको पाहूं, पोटाकडे पाहा. आतां हात असा बाजूला आपट. तळवा सपाट. श्वास कोंडूं नको.” सत्तरी उलटलेल्या वहिनी लुगड्याचा पदर खोंचून निजल्या होत्या आणि तळहात गादीवर आपटीत होत्या. आरंभीं हलकेच; मग एकदां जोरानें आपटला, आणि स्वयंपाकघरांतून कोणी तरी काय पडलें म्हणून धांवत आलें. दुसरा हात मुलीनें मनगटापाशीं घट्ट धरून ठेवला होता.

रात्रीं पानें वाढतांना वहिनींनीं तिला विचारलें, “तुझ्या वर्गाचे वार कोणते?”

“सोमवार, बुधवार, शुक्रवार.”

“म्हणजे शुक्रवारच्या आरतीला तूं नसणार,” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि तिच्या पानांत आणखी थोडें तूप वाढलें.